गाठीतल्या टी पेशी मोजायच्या तर आधी ऑपरेशन लागतं

‘पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, गाठीत प्रतिकारपेशी भरपूर असतील तर आतड्याचा कॅन्सर परतत नाही. म्हणून इम्युनिटी वाढवा, रोज गुळवेलीचा काढा घ्या, केमोचं विष टाळा.’ असा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. संशोधन खरं आहे. त्यावरून दिलेला सल्ला जिवावर बेतणारा आहे.

‘कॅन्सर परतत नाही’ : परततो, कमी वेळा. पॅरिसचे संशोधक जेरोम गालाँ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हा संबंध दाखवला. 2018 मध्ये 13 देशांतल्या 2681 रुग्णांवर त्याची पडताळणी झाली. त्यातल्या पहिल्या गटात, गाठीत टी पेशींची (एक प्रकारच्या प्रतिकारपेशींची) दाटी जास्त असलेल्यांपैकी 8 टक्के, मध्यम दाटीच्या 19 टक्के आणि कमी दाटीच्या 32 टक्के रुग्णांमध्ये पाच वर्षांत रोग उलटला. मुख्य म्हणजे या सगळ्यांची गाठ आधीच काढलेली होती. काढलेल्या गाठीचे पातळ काप करतात, टी पेशींना रंग देतात आणि गाठीच्या मध्यभागी व निरोगी भागाला भिडणाऱ्या कडेवर त्या किती आहेत ते मोजतात. ऑपरेशन टाळणाऱ्याला हा आकडा मिळणारच नाही.

‘इम्युनिटी वाढवा’ : सीबीसीतल्या, म्हणजे रक्ताच्या तपासणीतल्या, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे गाठीत टी पेशी शिरल्या, असं होत नाही. काढ्याने त्या गाठीत शिरतात याला पुरावा नाही. उलट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. केमो चालू असताना यकृताशी असा खेळ कुणीही करू नये.

‘केमो टाळा’ : याच संशोधकांनी तिसऱ्या स्टेजचे रुग्ण तपासले, तेव्हा केमोचा फायदा ठळकपणे दिसला तो टी पेशी जास्त असलेल्यांमध्येच. म्हणजे मेसेज ज्यांना केमो सोडायला सांगतोय, नेमकं त्यांचंच नुकसान. मला सर्वांत जास्त चीड याचीच येते.

प्रतिकारशक्तीच्या जोरावर चालणारे उपचार आहेत, पण ते डॉक्टर देतात आणि या कॅन्सरमध्ये मुख्यतः एमएसआय-हाय गाठींवर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या गाठींवर, चालतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी साधारण 15 टक्के, चौथ्या स्टेजला त्याहून बऱ्याच कमी. गाठ एमएसआय-हाय आहे का, ही तपासणी (एमएसआय किंवा एमएमआर) बायोप्सीच्या तुकड्यावरही होते. घरात कुणाला हा आजार निघाला असेल, तर ‘एमएसआय किंवा एमएमआर केलंय का?’ एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.