शिक्षकांचं डिजिटल प्रशिक्षण दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत व्हावं

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मोबाइल नीट वापरता येत नाही, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती कोण भरतं? ‘सरल’ या राज्याच्या पोर्टलवरच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी, पोषण आहाराचे रोजचे आकडे? आमच्या मेळघाटात रेंजसाठी टेकाडावर चढून हे काम हेच शिक्षक करतात. फोनची सवय सगळ्यांना आहे. त्यावर वर्गात शिकवायचं कसं, हे मात्र कोणी शेजारी बसून दाखवलं नाही.

प्रशिक्षणं झाली, नाही असं नाही. ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षण ॲप २०१७ मध्ये आलं. शिक्षकांसाठीच्या ‘निष्ठा’ या राष्ट्रीय कार्यक्रमाचं प्रशिक्षणही २०२० पासून त्यावरच ऑनलाइन झालं. मजकूर चांगला होता. पण ग्रुपवर लिंक येते, खाली ‘आजच पूर्ण करा’, आणि नंतर विचारणा फक्त प्रमाणपत्राची. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणारा माणूस तो व्हिडिओ बघणार कधी?

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एक मॅडम निवृत्तीला आल्यात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यांनी कधी स्कॅन केला नव्हता. “आता मले कुठं जमते सर,” म्हणायच्या. शेजारच्या गावचा एक तरुण शिक्षक शनिवारी शाळा सुटली की त्यांच्याकडे बसू लागला. तालुक्याला धारणीला गेलं की दीक्षावरचा धडा डाउनलोड करून आणायचा, म्हणजे गावात नेट लागत नाही, एवढंच त्यानं आधी शिकवलं. पुढचं मॅडमनी स्वतः केलं. पहिलीतल्या पोरांना मराठी कळत नव्हती, म्हणून गावातल्या एका आजीकडून पोरांच्या कोरकू भाषेत गोष्ट सांगून घेतली, फोनवर रेकॉर्ड केली, वर्गात ऐकवली आणि मग तीच मराठीत सांगितली. गप्प बसणारी पोरं मधेमधे बोलायला लागली. आपल्या वर्गातली पोरं कुठे अडतात हे मॅडमना पक्कं माहीत होतं, म्हणून हे सुचलं.

म्हणून माझं म्हणणं, शिक्षण परिषदेतला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीतला, निम्मा वेळ असं शेजारी बसून शिकण्यासाठी द्या. पत्रकं ग्रुपवर वाचता येतात. प्रत्येकानं पुढच्या आठवड्याचा धडा आणावा, तिथेच आपल्या फोनवर तयार करावा, आणि पुढच्या महिन्यात काय जमलं, काय फसलं ते सांगावं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहेच, हे तास त्यात धरा. आणि शाळेचं वीजबिल वेळेवर भरलं जाऊ द्या, नाहीतर लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही चालणार कशावर?

केंद्रातले आम्ही शिक्षक या मागणीचं निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांना देतोय. बाकी केंद्रांनीही द्यावं.