सोपा साबण, अवघड साबण

स्वीडनला निघालेल्या मराठी माणसाला माझा एकच सल्ला असतो: दुकानात ‘सोपा’ मागू नका. स्वीडिशमध्ये सोपा हाही साबणच, पण लाकडी जमीन पुसायचा. माणसाला लावायचा तो ‘त्वोल’.

नॉर्वेकरांनी हा सोवळंओवळ्याचा घोळ घातलेला नाही. अंगाचा, भांड्यांचा, कपड्यांचा असं आपण जोडतो तसंच त्यांचं. हाताचा तो ‘होन्सोपे’, जमिनीचा ‘ग्रोन्सोपे’, म्हणजे हिरवा साबण. (तो बहुधा पिवळा असतो, पण जाऊ द्या.) त्यामुळे ऑस्लोत तयार झालेला गडी स्टॉकहोममध्ये ऐटीत सोपा मागतो आणि लिटरभर जमीन-साबण घेऊन आंघोळीला जातो.

भेद उगाच नाही हो. तेलात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की घट्ट वडी जमते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की मऊ, ओघळता सोपा. त्याचं तेल बरेचदा पाइनचं, कागदाचा लगदा करताना निघणारं, नाहीतर जवसाचं. पाच लिटर कोमट पाण्यात साधारण अर्धा डेसिलिटर पुरे. ‘असू दे जरा जास्त’ म्हणून हात सैल सोडलात, तर जमिनीवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते आणि शेवटी आपण बसतो. अंगाला लावल्यास अल्कलीमुळे कातडी कोरडी पडून ताणते. एक फायदा आहे: तिकडे हेच पाणी झाडांवर मावा मारायला फवारतात, तेव्हा तुमच्यावर मावा पडणार नाही.

हल्ली त्वोलही पातळ मिळतो, म्हणून खूण सांगतो: दाबायचा पंप असेल तर बहुधा हाताचा, साधं बूच असेल तर बहुधा जमिनीचा.

पुढचा फेरा ‘मेदेल’चा, म्हणजे द्रव्याचा. ‘दिस्कमेदेल’ भांडी हातांनी घासायला. भांड्यांच्या मशीनला ‘मशीनदिस्कमेदेल’, कारण त्याला फेस येत नाही. अदलाबदल केलीत तर दारातून फेस बाहेर येऊन जमीनही धुऊन निघते, सोप्याशिवाय. कपड्यांना ‘त्वेत्तमेदेल’. शेजारची तशीच दिसणारी, जास्त सुवासिक बाटली कपडे मऊ करायची. तिने मळ निघत नाही, मळाला वास तेवढा छान येतो. मापाचा तक्ता पाकिटावर असतोच. पाणी मृदू असेल तिथे सर्वांत कमी माप घ्या. गॉटलंड बेटावर चुनखडी फार, तिथे जास्त.

आणि हो, टीव्हीवरच्या रडक्या मालिकेलाही स्वीडिश लोक सोपाच म्हणतात. तिच्यातल्या गुळगुळीत देखण्या नायकासाठी मात्र शब्द आहे ‘त्वोलफागेर’. तो बरोबर साबण लावतो.