माजी

काल लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी चारचौघांत जाहीर केलं, "हिचा लॅपटॉप मी करून दिला." मी हसले. बंद लिफ्टमध्ये दुसरं काय करणार? घरी येऊन चपला मात्र नेहमीपेक्षा जोरात काढल्या.

करून दिला म्हणे!

झालं होतं एवढंच, की माझ्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपवरचे त, र आणि बॅकस्पेस एकाच सकाळी गेले. कीबोर्डात दर बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. त्यातल्या एका रेषेचा संपर्क तुटला की एकमेकांशी ओळखदेख नसलेली बटणं एकदम संपावर जातात. 'तक्रार' लिहायला गेलं की मधला 'क' तेवढा कण्हल्यासारखा उमटायचा, आणि तो खोडायचीही सोय नाही.

ही सगळी जाळी एका चपट्या पट्टी-केबलीतून मदरबोर्डवरच्या सॉकेटात जाते. केबल आत सरकवायची आणि सॉकेटावरचं लॉक पाडायचं. लॉक म्हणजे नख कापल्यावर जो तुकडा उडतो ना, तेवढं प्लॅस्टिक. या सॉकेटाला झिफ म्हणतात, झीरो इन्सर्शन फोर्स. केबल घालताना शून्य जोर लागतो म्हणून. माझी केबल सैल झाली असणार, लॉक उघडून नीट बसवली की झालं, असा माझा हिशेब होता. उजेड तेवढा कमी पडत होता.

तेवढ्यात काका आले. का आले ते अजून कळलेलं नाही. "थांब, बॅटरी आणतो," म्हणून परत गेले आणि हातभर लांब टॉर्च घेऊन हजर. मोबाइलच्या उजेडाला काका उजेड मानत नाहीत.

दुसऱ्यासाठी बॅटरी धरणं हे निःस्वार्थ काम आहे, त्यामुळे ते फार थोड्यांना जमतं. काकांची नजर जाईल तिथे उजेड जायचा.

"हा पंखा? एवढासा?"

"काका, इकडे."

"आणि हे तांब्याचं काय गं?"

"उष्णता वाहून नेणारी नळी. काका, इकडे धरा ना, माझ्या बोटाकडे."

उजेड बोटाकडे आला आणि तिथून माझ्या तोंडावर. "चष्म्याचा नंबर वाढलाय का तुझा?"

अखेर लॉक दिसलं. त्याच्याखाली नख सरकवलं आणि आठवलं, की आतलं काहीही हलवण्याआधी लॅपटॉपच्या बॅटरीचं कनेक्शन सोडवायचं असतं. म्हटलं, "थांबा काका, आधी बॅटरी काढू."

टक. काळोख. काकांनी आज्ञाधारकपणे बॅटरी काढून घेतली होती.

मी दचकले. बोटाखाली 'टुक्' झालं. शून्य जोराच्या सॉकेटावर माझा सगळा जोर पडला होता.

"तूच म्हणालीस काढू."

"ती नव्हे, लॅपटॉपची!"

"मग तसं सांगावं माणसानं. आणि एवढ्याशानं तुटतं ते काय कामाचं?"

दुसरं वाक्य मला पटलं, म्हणून जास्तच राग आला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सॉकेट बोर्डाला डाग देऊन बसवलेलं असतं, त्यामुळे बोर्डच बदलावा लागेल. त्यापेक्षा नवाच घ्या. नखाच्या तुकड्यापायी नवा लॅपटॉप! मुळात उघडायलाच दोन स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले. कित्येक लॅपटॉपांत तर कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लॅस्टिक वितळवूनच चिकटवलेला असतो, म्हणजे एक बटण बिघडलं तरी अख्खं झाकण बदला. कोणीतरी पगार घेऊन हे असं आखतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करणं किती सोपं आहे, याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. असे गुण मदतीला आलेल्या शेजाऱ्यांच्या दारावरही लावायला हवेत.

लॉक गेलं तरी केबल दाबून धरणारी पाचर मारता येते, हे मला ठाऊक होतं. वहीचा कागद पातळ पडला, खोक्याचा पुठ्ठा शिरेना. काकांनी खिशातून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढलं. जाडी अगदी बेताची. मी कात्री उचलली.

"नाव नको कापूस."

"बरं."

"फोन नंबरही नको. लोकांना लागतो."

"मग वरची कड घेते."

"वर देवाचं चित्र आहे!"

मी कात्री खाली ठेवली. काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, बॅटरी पाडून पाहिलं. कार्डावर नाव, त्याखाली 'माजी उपाध्यक्ष', त्याखाली नंबर. कसले उपाध्यक्ष ते कार्डावर नाही आणि मी कधी विचारलेलंही नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी एका शब्दावर अंगठा टेकवला आणि शांतपणे म्हणाले, "हा घे."

'माजी' बरोबर मापाचा निघाला. केबलीवर घट्ट बसला, वरून चिकटपट्टी लावली. या वेळी लॅपटॉपची बॅटरी आधीच सोडवली होती, आणि ते काकांना सांगितलं नव्हतं. त आला, र आला. बॅकस्पेस अजून मधूनच अडतो.

उरलेलं कार्ड काकांनी जपून खिशात घातलं होतं. काल लिफ्टमध्ये माझा लॅपटॉप करून दिल्याचं सांगून झाल्यावर त्यांनी तेच कार्ड चौथ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या गृहस्थांच्या हाती ठेवलं. गृहस्थांनी वाचलं, "उपाध्यक्ष." कोपरा कापलेला का, हे विचारलं नाही. लिफ्ट मधेच गचके खाते, अशी तक्रार मात्र लगेच केली.

आणि काका म्हणाले, "बघतो."