खुर्चीत बसून डिस्को

थिएटरच्या खुर्चीत अडीच तास गप्प बसणं एरवी कुणालाही जमतं. शोकांतिका असली की माणूस आपोआप आवरून बसतो, प्रायोगिक नाटक असलं की जांभई आवरून बसतो. पण 'प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट' या संगीत नाटकाला जाऊन बसणं ही वेगळीच परीक्षा आहे. डिस्कोची तोंडपाठ गाणी एकामागून एक अंगावर येतात, आणि आपण नाचायचं नाही, गायचं नाही, शेजारच्याच्या मांडीवर ताल धरायचा नाही. आमरसाच्या पंगतीत बसवून एकादशी पाळायला सांगण्यातला हा प्रकार.

गोष्ट एवढीशी. सिडनीतले दोन ड्रॅग कलाकार, म्हणजे बायकांचे भडक पोशाख घालून मंचावर येणारे पुरुष, टिक आणि ॲडम, आणि बर्नाडेट नावाची एके काळची गाजलेली कलाकार, असे तिघं एक जुनी बस घेऊन ॲलिस स्प्रिंग्जला निघतात. तिथल्या कॅसिनोत कार्यक्रम आहे. तो कॅसिनो टिकची बायको चालवते आणि तिथे त्याचा लहान मुलगा आहे, हे तो बरोबरच्यांना अर्ध्या रस्त्यात सांगतो. अंतर साधारण 2,800 किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत आल्यासारखं, फक्त वाटेत मिसळ नाही. मूळ सिनेमा 1994 चा, स्टेफन एलियटचा. नाटक 2006 मध्ये सिडनीत उभं राहिलं, 2009 मध्ये लंडनला आणि 2011 मध्ये न्यू यॉर्कला गेलं. दोन्हीकडे थिएटरचं नाव पॅलेसच. राणी म्हटल्यावर राजवाड्याखाली उतरणार कशाला! आता हौशी मंडळीही रीतसर परवाना घेऊन हे नाटक करतात, त्याचं पुढे येईलच.

हे नाटक जुकबॉक्स म्युझिकल आहे. म्हणजे काय, असं घरातली ज्येष्ठ मंडळी विचारतात. उत्तर त्यांच्याच ओळखीचं आहे. गाणी आधी, नाटक मागून. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 च्या 'सौभद्रा'तली पदं लोकांच्या कानावर असलेल्या चालींवर बांधलीच होती की. फरक इतकाच, त्यांनी शब्द नवे लिहिले. इथे शब्दही तेच, म्हणून कथानकालाच अंग चोरून गाण्यात शिरावं लागतं. बर्नाडेटचा जोडीदार जातो, तर अंत्यविधीला गाणं 'डोन्ट लीव्ह मी धिस वे'. पहिल्या दोन ठोक्यांत कोणतं गाणं येतंय ते ओळखून अख्खं थिएटर हसतं, आणि समोर शवपेटी असते. शिष्टाचाराच्या कोणत्याही पुस्तकात या प्रसंगाचं मार्गदर्शन नाही.

सिनेमात आब्बा या स्वीडिश बँडची गाणी होती, नाटकात एकही नाही. 'मम्मा मिया' नावाचा दुसरा जुकबॉक्स 1999 पासून तीच गाणी वाजवत होता. ऑस्ट्रेलिया आणि लंडनमध्ये पॉप गायिका कायली मिनोगची गाणी होती, न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर मॅडोनाची आली. तेव्हा ध्वनिमुद्रिका पाठ करून जाणार असाल तर ती कुठल्या गावची आहे ते आधी बघा, नाहीतर तुम्ही कायलीच्या तयारीत आणि समोर मॅडोना.

आता तिकीट. इथे बहुतेक जण हमखास चुकतात. या नाटकाचा अर्धा जीव वरच्या बाजूला टांगलेला असतो, अगदी शब्दशः. सुरुवातीच्या 'इट्स रेनिंग मेन'लाच तीन गायिका वरून दोऱ्यांवर उतरतात आणि त्यानंतरही बराच वेळ तिथेच लटकून गातात. स्टॉल्सच्या, म्हणजे तळमजल्याच्या, मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचं छत पुढे आलेलं असतं आणि ते रंगमंचाचा वरचा भाग सपकन कापतं. तिथे बसलात की तीन गायिकांचे सहा पाय दिसतात. बसच्या टपावर प्रचंड चंदेरी बूट असतो, त्यात बसून फेलिशिया, म्हणजे मंचावरचा ॲडम, 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातल्या गाण्यावर ओठ हलवते. मागच्या रांगेला त्या बुटाची टाच मिळते. अगदी पुढच्या रांगेत मानेची वाट लागते. सगळ्यात वर, जुन्या व्हिक्टोरियन थिएटरांच्या गच्चीसारख्या मजल्यावर, गुडघे पुढच्याच्या कानांशी आणि खाली टकलांचं विहंगम दृश्य. माझं मत विचाराल तर ड्रेस सर्कलच्या, म्हणजे पहिल्या मजल्याच्या, पहिल्या तीन-चार रांगा. पहिल्या रांगेत बसायच्या आधी मात्र कठडा डोळ्यांच्या रेषेत येतो का ते तपासा.

स्टॉल्समध्ये पुढे आणि कडेची खुर्ची घेणाऱ्याने आणखी एक धोका पत्करलेला असतो. दुसरा अंक 'थँक गॉड आय ॲम अ कंट्री बॉय'ने उघडतो आणि त्यात प्रेक्षकांतल्या काहींना मंचावर ओढून नाचवायची प्रथा आहे. ओढणारे अनुभवी असतात. ते हात वर करणाऱ्याला नेत नाहीत, कारण तो मग खाली उतरत नाही. ते शोधतात कडेचा, बरे बूट घातलेला, नजर चुकवून कार्यक्रमपत्रिका वाचण्याचं सोंग करणारा गृहस्थ. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत काकांना ओढतात तसंच. बचाव एकच: मध्यंतरात आईस्क्रीम घ्या आणि ते दोन्ही हातांत धरून बसा. चिकट हातांना कपडेपटवाले भितात.

कपडेपटाचा विषय निघालाच आहे. या नाटकात 500 हून अधिक पोशाख आहेत असं निर्माते सांगतात, आणि पाहताना तो आकडा कमीच वाटतो. टिम चॅपल आणि लिझी गार्डिनर या जोडीला सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, नाटकासाठी लंडनला ऑलिव्हिये आणि न्यू यॉर्कला टोनी. नाचणारे रंगाचे ब्रश आहेत, 'मॅकआर्थर पार्क'ला नाचणारे केक आहेत, शेवटी शहामृगाचे चुलतभाऊ एमू आणि डोक्यावर सिडनीचं ऑपेरा हाउस. सिनेमात रबरी चपलांचा ड्रेस गाजला. आपल्याकडे देवळाबाहेर ज्याचा ढीग पडतो त्या सपाता, त्यांची फॅशन करून ही मंडळी मोकळी झाली.

एवढे पोशाख अंगावर चढतात कसे, हे पाहायचं तर विंगेत उभं राहायला हवं. झटपट बदलाला कधी अर्धं मिनिटही मिळत नाही. पोशाखाच्या पाठीला बटणं नसतात, वेल्क्रो, चाप किंवा मोठी चेन असते. पुढचा पोशाख जमिनीवर गोल पसरून, भोकात बूट ठेवून तयार असतो. नट त्यात पाय घालतो, मदतनीस एका झटक्यात वर ओढते, दुसरी टोप बसवते. काही वेळा दुसरा पोशाख पहिल्याच्या आतच असतो, कांद्यासारखा. चुकतं ते साधंच. वेल्क्रोची खरखरी बाजू जाळीदार मोज्यांना धरते आणि नट 'हॉट स्टफ'ला एका पायात भोक घेऊन येतो. केसांच्या रेषेवर चिकटवलेल्या मायक्रोफोनला मुकुट घासतो आणि भावुक संवादाच्या मध्ये पापड भाजल्याचा आवाज येतो. शिवाय घाम. मायक्रोफोनच्या टोकाशी घामाचा थेंब आला की आवाज विहिरीतून येतो, आणि फोमच्या केकच्या आत नाचणाऱ्याला घाम सोडून दुसरं काहीच येत नाही.

चेहऱ्याचं काम त्याहून नाजूक. ड्रॅगचा मेकअप म्हणजे लिपस्टिक आणि पावडर, असं समजणाऱ्याने एकदा भुवया लपवून बघाव्यात. शाळेतली गोंदकांडी घ्यायची, धुतल्यावर जाते ती. भुवईचे केस आधी उलटे चोळून गोंद मुळाशी न्यायचा, मग विंचरून कपाळाला सपाट चिकटवायचे. वाळू द्यायचं. पावडर. पुन्हा गोंद. असे तीन थर. वाळायच्या आत दुसरा थर दिला की कपाळावर शेवयांचा गुंता. मग दाढीची निळसर सावली: त्यावर थेट गोरा रंग लावला तर चेहरा राखाडी दिसतो, म्हणून आधी नारिंगी लावायचा, नारिंगी निळ्याला मारतो. त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडरचा जाड थर पाचेक मिनिटं तसाच ठेवून झटकायचा. खरी भुवई गायब झाल्यामुळे डोळ्याच्या वर आता मोकळा प्लॉट मिळतो, त्यावर हवी तेवढी मोठी पापणी आणि नवी भुवई बांधता येते. कृत्रिम पापण्यांच्या दोन जोड्या एकावर एक. कंबर आवळून बारीक दिसण्यापेक्षा नितंब फोम कापून मोठे केले की कंबर आपोआप बारीक दिसते. त्या फोमच्या कडा दिसू नयेत म्हणून वर तीन-चार जोड्या घट्ट मोजे. क्लबातल्या कलाकाराचे यात दोन तास सहज जातात. 'बायकांना तयार व्हायला किती वेळ लागतो' हा विनोद करणाऱ्या पुरुषांना मी ही कृती लिहून देत असतो.

आपल्याकडे स्त्रीपार्टाची परंपरा असल्यामुळे मराठी प्रेक्षक इथे फसण्याची शक्यता असते. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करत. तिथे पैज अशी की हा पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं. ड्रॅगमध्ये पैज बरोबर उलटी: एक क्षणही विसरू नये आणि तरी टाळी द्यावी. त्यामुळे 'अगदी बाईसारखा दिसतो हो' ही मध्यंतरातली दाद इथे अर्धवट आहे. बर्नाडेटबद्दल तर ती सपशेल चूक, कारण बर्नाडेट ट्रान्स स्त्री आहे. ती मंचावरून उतरली तरी बाईच आहे. हे आत्याला मध्यंतराच्या वीस मिनिटांत, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत, पुढच्या-मागच्यांना मराठी कळत नाही या भरवशावर समजवावं लागतं. लंडनमध्ये तो भरवसा धरू नये.

दुसऱ्याच्या गाण्यावर नुसते ओठ हलवणं सोपं वाटतं. करून बघा. 'प', 'ब', 'म' आले की ओठ मिटलेच पाहिजेत, नाहीतर मागची रांगही पकडते. श्वास गायिकेच्या श्वासाबरोबरच घ्यायचा, खांदे उचलून, कारण डोळ्यांना ओठांआधी श्वास दिसतो. लांब सुरावर हनुवटी किंचित थरथरवायची. इथे तर वर टांगलेल्या गायिका प्रत्यक्ष गातात. त्यांनी एखादी जागा लांबवली तर खालच्याने ती तितकीच लांबवायची, वर न बघता.

आणि बस. लंडनची बस लांबलचक, स्वतः फिरणारी, अंगभर दिव्यांनी रंग बदलणारी. हौशी मंडळींची बस म्हणजे प्लायवूड, खाली चाकं आणि आत लपलेले चार हिशेबनीस. यांची पहिली चूक म्हणजे चारही चाकं सगळीकडे वळणारी लावणं. बस मग दुकानातल्या ढकलगाडीसारखी तिरकी जाते. मागची दोन स्थिर हवीत, पुढची दोन वळणारी. दुसरी चूक, टपावर किती जण नाचणार ते सांगाडा बांधून झाल्यावर ठरवणं. तिसरी, उतार विसरणं. जुन्या रंगमंचांना प्रेक्षकांच्या बाजूला उतार असतो, 24 फुटांमागे 1 फूट वगैरे. ब्रेक नसलेली बस त्यावरून सावकाश, रुबाबात, वादकांच्या खड्ड्याकडे निघते. अशा वेळी ढोलकवाला सर्वांत आधी उठतो. त्यासाठी विंगेत लाकडी पाचर घेऊन एक माणूस उभा हवा, आणि तो नाटक बघत बसणारा नको.

प्रेक्षकाची परीक्षा मात्र 'आय विल सर्व्हाइव्ह'ला. पहिला अंक त्यावर संपतो. 1978 मध्ये हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. आज ते सुरू झालं की पुढची बाजू कोणती होती हे कुणाला आठवत नाही. सुरुवातीला पियानोची एक सर घरंगळते, मग ठेक्याशिवाय चार ओळी, आणि मग ढोल: मिनिटाला 117 च्या आसपास, प्रत्येक मात्रेला एक ठोका, मधल्या जागी झांजेचं 'त्स'. त्या 'त्स'ला गुडघा उडतो. ही इच्छाशक्तीची बाब नाही. गायचा मोह मात्र आवराच. 2023 मध्ये मँचेस्टरला 'बॉडीगार्ड'चा प्रयोग शेवटच्या गाण्याशी प्रेक्षकांच्या बेसूर साथीपायी थांबवावा लागला आणि पोलीस आले. माझा तोडगा असा: टाच जमिनीवर, बुटाच्या आत फक्त अंगठा नाचवायचा. अंगठ्याला कुणी हटकत नाही.

कूबर पीडी या वाटेतल्या खाणीच्या गावातल्या प्रवेशात अंगठाही थांबतो. ॲडम नटूनथटून खाणकामगारांच्या घोळक्यात जातो, मार खातो, आणि इतका वेळ खिदळणारं थिएटर एकदम खुर्चीत आक्रसतं. बर्नाडेट त्याला सोडवते. पुढच्या काही मिनिटांत रुमाल लागतो, आणि तो काळोखात पिशवीत शोधावा लागतो कारण केक नाचणार, पुरुषांचा पाऊस पडणार एवढ्याच तयारीने आपण आलेलो असतो. रुमाल हाती लागेपर्यंत केक येतातच.

शेवटी सगळ्यांना उभं राहायची परवानगी मिळते, तोवर पायाला मुंग्या आलेल्या. वरून चमचमती कागदं पडली तर ती साध्या कपड्यांवरून झटकता येतात. लोकरीच्या कोटात आणि पैठणीच्या पदरात शिरली की पुढच्या दिवाळीला निघतात. गालावरची चमकी पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाचं बोट फिरवावं.

परतीच्या ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, समोरच्या बाकावर एक सुटाबुटातला गृहस्थ असतो. हातात दुमडलेलं वर्तमानपत्र, भुवईवर एकच गुलाबी टिकली. चेहरा मख्ख. त्याच्या उजव्या बुटाच्या टोकाशी चामडं मात्र हलत असतं, अगदी जेमतेम, 117 च्या लयीत.