तिसरं बक्षीस

पहिलं बक्षीस कुत्र्याला मिळालं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी विचारायला नको.

सध्या न्यू जर्सीत मुलीकडे आलोय. हॅलोविनसाठी घरात अठरा किलोंचा भोपळा आला. जावई ऑफिसातून आला की तो गाडीतून उचलून पायरीवर ठेवेल, असं ठरलं होतं. मी थांबलो नाही. ‘टक’ असा आवाज झाला. तो भोपळ्यातून आला नव्हता. उसण भरली ती अशी की तीन दिवस मी फरशीवरचं डिझाइन बघत हिंडत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातल्या वाचनालयात १९३१ सालचा ‘फ्रँकेनस्टाइन’ हा राक्षसाचा सिनेमा दाखवणार होते. फुकट. नातू प्लास्टिकचे सुळे लावून ड्रॅक्युला झाला. मी काहीही झालो नव्हतो, हे नीट लक्षात ठेवा. बाहेर गारठा होता म्हणून जावयाचा लांब काळा कोट घातला. आधाराला त्याची ट्रेकिंगची काठी घेतली. ती ओढून लांब होते म्हणतात, माझ्या हातात झाली नाही, म्हणून सर्वांत आखूड मापावरच टेकत निघालो. दारात माकडटोपी काढली तसे उरलेसुरले केस उभे राहिले. तेवढ्यात पायरीवर मोजा घसरला. वाकलेलोच होतो, म्हटलं ओढून घ्यावा.

“मोजासुद्धा!” कोणीतरी ओरडलं. “देवा, या माणसाने मोजासुद्धा सोडला नाही!”

वर बघता येत नव्हतं, म्हणून आधी पायच दिसले. हिरव्या रबराचे, बोटांमध्ये पडदे असलेले. हळूहळू मान वळवली तर गुडघे खवल्यांचे, छाती खवल्यांची, गालांच्या जागी कल्ले, आणि तोंडाच्या फटीतून एका म्हाताऱ्याचा चष्मा. १९५४ सालच्या सिनेमातला तो तळ्यातला प्राणी. “मूळ थ्रीडी होता,” त्याने नमस्काराच्या आधी सांगितलं.

“तुम्ही इगोर नाही,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. हे खरंच होतं.

“शाबास! सगळे इगोर म्हणतात. या सिनेमात इगोर नाहीच. फ्रिट्झ! कुबडा मदतनीस! ड्वाइट फ्रायने केलाय. आखूड काठी घेऊन जिन्यावर मध्येच थांबतो आणि मोजा वर ओढतो. चार सेकंदांचं काम आहे, पण जगात ते लक्षात ठेवणारे आपण दोघंच!”

मी म्हणालो, माझी कंबर दुखतेय.

“अर्थात दुखणार!” तो आनंदाने म्हणाला. “राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचीही दुखायची. शेवटी तो नायकाला खांद्यावर टाकून पवनचक्कीकडे जातो ना, ती चढण पुन्हापुन्हा चढून पाठ गेली त्याची. जन्मभर भोगलं. तुम्ही कुठले? भारत? अहो, मग कार्लॉफ तुमचाच! खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील तिकडे मिठाच्या खात्यात नोकरीला होते. घराण्यात भारतीय रक्त होतं!”

आता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्या मिठाच्या कायद्यासाठी गांधीजी १९३० साली दांडीला चालत गेले, त्याच खात्याचं मीठ खाऊन वाढलेलं पोर पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये राक्षस झालं. यावर मला कुठेतरी बसून विचार करायचा होता. बसायला खुर्ची मात्र कोणी दिली नाही. नव्वदीची एक बाई आत आली तेव्हा तिघं उठले. मी वाकून उभा, तर लोक माझा फोटो काढत होते. शेवटी त्या हिरव्यानेच मला आपल्या शेजारी बसवलं. त्याआधी वेशभूषा स्पर्धेच्या टेबलावर जाऊन माझं नाव नोंदवून आला होता. ते मला नंतर कळलं.

सिनेमा जेमतेम सत्तर मिनिटांचा. पाळणाघरातल्या पोरांपासून वॉकरवाल्यांपर्यंत सगळे आले होते, आणि घाबरायला कोणीच आलं नव्हतं. आमच्या कुडाळकडे जत्रेत दशावतारात संकासुर येतो, काळा, लाल जीभ बाहेर. लहानपणी आम्ही किंचाळत पळायचो आणि पुन्हा पुढे येऊन बसायचो. तो मरणार हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. तरी दरवर्षी गर्दी. हे त्यातलंच. फक्त संकासुर मालवणी बोलून हसवतो, हा नुसता घुमतो.

श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावासमोर प्रश्नचिन्ह आलं. “बघा, बघा,” हिरवा कुजबुजला, “कार्लॉफचं नाव सुरुवातीला दिलंच नाही!” आणि रबरी पंजातलं पॉपकॉर्न माझ्या मांडीवर सांडलं. त्या पंजात एकही दाणा धरता येत नव्हता. पण हातमोजे काढायला तो तयार नव्हता. मग दर दोन मिनिटांनी मीच एकेक दाणा त्याच्या जबड्यात टाकत बसलो. नातू मध्येच मोठ्याने म्हणाला, “आबा, फ्रँकेनस्टाइन आला!” तर हिरवा मागे वळून म्हणाला, “फ्रँकेनस्टाइन हे डॉक्टरचं नाव, बाळा. राक्षसाला नाव नाही.” नातवाने सुळे काढून माझ्या खिशात ठेवले आणि दूर जाऊन बसला. ओले.

मग माझं काम आलं. कोपराने ढोसून हिरव्याने मला कळवलं, “तुमचा सीन!” फ्रिट्झ मेंदूची बरणी चोरायला जातो, चांगली बरणी हातातून सांडतो आणि वाईट मेंदू घेऊन येतो. सगळ्या अनर्थाला कारण तोच. पुढे तो साखळदंडातल्या राक्षसाला चाबकाने मारतो, जळती मशाल तोंडापुढे नाचवतो. राक्षस त्याला लटकवतो तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. काहींनी माझ्याकडे बघून वाजवल्या.

त्याआधी छताची झडप उघडते आणि राक्षस उजेडाकडे बघत दोन्ही हात वर करतो. उजेड धरू बघतो. जन्मून थोडाच वेळ झालेला. तिथे आणि तळ्याकाठी मात्र कोणी हसलं नाही. लहान मुलगी त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. त्याला वाटतं, हीसुद्धा तरंगेल. मुलीला पाण्यात टाकण्याचा तो तुकडा कितीतरी वर्षं कापलेला होता म्हणे. त्यामुळे लोकांच्या मनात भलतंच, जास्त वाईट यायचं. हे सांगताना हिरव्याचा आवाज बसला. चष्मा पुसायला त्याने पंजा आत घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी पण रुमाल शोधला, सुळे हाताला लागले.

दिवे लागले आणि बक्षिसं जाहीर झाली. पहिलं एका डॅशहुंडला. मानेला दोन बोल्ट, बस. दुसरं हिरव्याला. तिसरं “अविस्मरणीय फ्रिट्झ” मला. अहो, मी वेश केलेला नाही, असं मी इंग्रजीत दोनदा सांगितलं. लोकांना वाटलं, भूमिकेतच आहे. कॉफीचं पाच डॉलरचं कार्ड आणि प्रशस्तिपत्र. राक्षसासाठी साऱ्या सभागृहाचे डोळे ओलावतात. खरोखर मोडलेल्या माणसाला म्हणतात, मेकअप कोणी केला? आणि तिसरं? कुत्रा सरळ चालत होता. निदान दुसरं तरी.

प्रशस्तिपत्र मुलीने फ्रिजवर लावलंय. हिने फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मेहुण्याचं उत्तर आलं, “दाजी नेहमीसारखेच दिसतायत. वेश कुठाय?” त्याला चौदा जणांनी हसरे चेहरे पाठवले, त्यात माझ्या धाकट्या भावाचे तीन.

भोपळा पायरीवर बसायला लागलाय. खालून पाणी सुटलंय, वासही येतो. तो उचलून मागे कोणी टाकायचा यावर आज सकाळपासून घरात चर्चा चालू आहे, आणि जावई ऑफिसातून सहाला येतो.