"किती गोड करतो ना!"

आज एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाली, बडीशेपेचं ताट फिरलं. चुलतभावाचा मुलगा, दुसरीतला. त्याने चिमटीत बडीशेप धरली, मान तिरकी केली आणि टीव्हीवरच्या त्या इलायचीच्या जाहिरातीतलं वाक्य हिरोच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे खो खो हसले. "परत कर, परत कर" म्हणत मोबाईल निघाले. लग्नघरी कशाला तमाशा म्हणून मी गप्प बसलो. घरी आलो तरी डोकं शांत होईना.

अहो, ती इलायची नाहीये. तुम्हालाही माहीत आहे. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, मग गुटख्याचं नाव तेच, रंग तेच, पुडी तशीच, आत म्हणे वेलदोडा! वेलदोडे विकायला एवढे हिरो लागतात होय?

माझे मामा कराडजवळच्या एका गावात किराणा दुकान चालवायचे. दुकानात गुटख्याच्या पुड्यांची माळ कधी लटकली नाही. माल टाकणारा फटफटीवरून यायचा, वर रंगीत बोर्ड फुकट लावून देतो म्हणायचा. मामांचं उत्तर ठरलेलं, "नगं. शाळंची पोरं हितनंच जात्यात." शेजारच्याचा गल्ला फुगला. मामी चिडायची, तिला संसार चालवायचा होता, तिचंही खरंच.

आणि हो, मामा स्वतः तंबाखू मळायचे. ढोंग म्हणायचं तर म्हणा. त्यावर ते म्हणायचे, "माझं त्वांड सडलंय, म्हणून पोरांचं बी सडवू व्हय?"

आता मोठ्या लोकांकडे या. अक्षय कुमारने 2022 मध्ये लोक भडकल्यावर माफी मागितली आणि अशा जाहिरातीतून अंग काढून घेतलं. बरं केलं. पण लोक भडकेपर्यंत त्याला समजलं नव्हतं? गावातल्या किराणावाल्याला समजत होतं की!

सचिनचं मला कौतुक होतं, आहे. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर त्याने तंबाखूच्या जाहिराती घेतल्या नाहीत. पुढे ऑनलाइन गेमच्या जाहिरातीत दिसला आणि 2023 मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू त्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले, तेही विसरलेलो नाही. माणूस एका दाराला कडी लावतो, दुसरं उघडं राहतं. तरी एक तरी लावलं ना.

पोरावर राग नाहीच. वहिनीवर तरी कसा असेल? नोकरी करून दमून येते, तेवढा वेळ टीव्ही पोराला सांभाळतो. आपल्याही घरी हेच चालतं. टीव्ही फोडा असं मी म्हणत नाही. पण पोरगं पुडीची नक्कल करतं तेव्हा आपण टाळ्या तरी वाजवू नयेत. त्याला जाहिरातीतला हिरो थोडाच दिसतो? त्याला आपण हसताना दिसतो. "अरे, ते घाण असतं" एवढं म्हणायला काय जातं? मामांना तर रोजचा धंदा सोडावा लागायचा. आपल्याला फक्त एक हशा सोडायचाय, तोही सुटत नाही!

"एवढं काय मनावर घेतोस, लहान आहे तो" अशी कमेंट येणार, खात्री आहे. गुटखाबंदी होऊन 2012 पासून इतकी वर्षं झाली. कमेंट टाकायच्या आधी आपल्या नाक्यावरच्या टपरीत काय मिळतं, आणि कोणत्या वयाच्या पोरांना मिळतं, ते जरा बघून या. मग बोलू.