पॉइंट चार ब्रास

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हा वाळूचा विचार घरात कुणाच्याच डोक्यात नव्हता. वाद झाला तो रंगावर. सगळे तांबडे, सगळे करडे, की एक तांबडा एक करडा, यावर तीन आठवडे गेले. ब्लॉकखाली वाळू लागते हे मिस्त्रींनी सांगितलं ते गाडीला किक मारता मारता. "साहेब, वाळू तेवढी आणून ठेवा." किती? "बघा की अंदाजानं. दोन इंच पसरायची." आणि गेले.

माझ्या अंदाजाचा इतिहास चांगला नाही. बायको एकदा माहेरी गेलेली असताना मी तांदूळ अंदाजानं घेतले होते. तो भात शेजारच्या दोन घरांनी मिळून संपवला. तेव्हा यावेळी अंदाज नको, रीतसर गणित करू, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

अंगण 20 फूट बाय 12 फूट. थर 2 इंचांचा. 20 गुणिले 12 गुणिले 2, झाले 480. वाळू ब्रासवर मिळते आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे चार पॉइंट आठ. दशांशचिन्हासकट उत्तर आलं की आपला आपल्यावर फार विश्वास बसतो. मी वाळूवाल्याला फोन लावला.

"पाच ब्रास? मजला चढवताय का साहेब?"

"पाच नाही, चार पॉइंट आठ."

"ब्रासला साडेचार टन धरा. एकवीस-बावीस टन माल झाला. डंपर वळंल का तुमच्या गल्लीत?"

आमच्या गल्लीत दुधाची मोटरसायकल वळताना मागेपुढे करते. बावीस टन म्हणजे अंगणात पाचेक हत्ती शेजारी शेजारी उभे करण्यातला प्रकार. "विचारून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

सातवीतल्या मुलीनं कागद उचलून पाहिला. "बाबा, फुटाला इंचानं गुणलंत? दोन इंच म्हणजे फुटाचा सहावा भाग. दोनशे चाळीस भागिले सहा. चाळीस घनफूट. पॉइंट चार ब्रास. आमच्या बाई असल्या गणिताला शून्य देतात."

"त्यालाही दिलेच होते," आई आतून म्हणाली.

पुन्हा फोन. या फोनमध्ये मला जवळजवळ साडेचार ब्रास कमी करायचे होते, आणि ते काय तोंडानं करायचे हा प्रश्न होता. वाळूवाला मात्र हसला नाही. त्यानं रोज माझ्यासारखे दोन-तीन पाहिलेले असणार. तो एवढंच म्हणाला, "पॉइंट चार देत न्हाई. ट्रॉली म्हंजे ट्रॉली. आणि कुठली पाठवू? नदीची, क्रश, वॉश, प्लास्टरची, का डस्ट?"

कऱ्हाडात राहून, कृष्णा आणि कोयना दोन्ही नद्या उशाशी असताना, वाळूला जाती असतात हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. ब्लॉकखाली क्रश सँड चालते, म्हणजे क्रशरवर काळा दगड फोडून केलेली. ती आली तेव्हा आईनं चिमटीत धरून पाहिली आणि "ही कसली वाळू, ही तर राखुंडी," असा निकाल दिला. सासऱ्यांची हरकत वेगळीच होती. सरकारनं 2023 साली नदीच्या वाळूचा दर ब्रासला 600 रुपये ठरवल्याची बातमी त्यांच्या पक्की लक्षात होती. "जावईबापू, सहाशेचा माल तुम्ही एवढ्याला घेताच कसा?" तो दर डेपोवरचा, वाहतूक वेगळी, आणि आपली ही नदीची वाळूच नव्हे, हे त्यांना फोनवर समजावण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी अंगण हातानं चाळून घेतलं असतं.

ट्रॉली पहाटे साडेपाचला आली. मी टेप घेऊन चढलो. आतली मापं 9 फूट बाय साडेपाच, उंची दोन फूट, म्हणजे 99 घनफूट. एका घनफुटावरून भांडणारा माणूस मी नाही. पण वाळू काठापर्यंत नव्हती. काठाखाली चार इंच मोकळे होते. "रस्त्यानं बसती ती," ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे वीस इंच वाळू, साडेब्याऐंशी घनफूट. मला लागणार चाळीस. दुपटीहून जास्त होती, म्हणून मी उदारपणे गप्प बसलो.

गप्प बसले नाहीत ते समोरचे निवृत्त इंजिनिअर काका. ते गाऊनमध्ये दात घासत आले, मूठभर वाळू दाबली, मुठीचा लाडू झाला. "ओली आहे. फुगलीय. बरणी आणा."

काचेची रिकामी बरणी फक्त लोणच्याची होती. तिच्यात ही ओलसर वाळू सैलसर भरली, पट्टीनं 20 सेंटिमीटर. मग वरून पाणी ओतून काडीनं ढवळलं. वाळू खाली बसत बसत 16 वर येऊन थांबली. वाळू थोडी ओलसर असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांना टेकत नाहीत आणि ढीग फुगतो. पूर्ण बुडवली की पापुद्रे मोडतात आणि वाळू मूळ मापावर येते. "पंचवीस टक्के," काका फेस सावरत म्हणाले. "तुमच्या साडेब्याऐंशीचे झाले सहासष्ट. बाकीची तुम्ही हवा घेतलीत." बायकोला या शास्त्रात रस नव्हता. तिला बरणी पाहिजे होती.

मिस्त्री येणार होते सोमवारी, आले पुढच्या शुक्रवारी. मधल्या अकरा दिवसांत दारातला ढीग सार्वजनिक झाला. गल्लीतल्या पोरांनी त्यात बोगदा काढला. डावीकडच्यांनी "दोनच घमेली, उंबऱ्याला," म्हणून नेली आणि त्यांच्या घराला सहा उंबरे असल्याचं नंतर उघड झालं. एक वळवाचा पाऊस येऊन थोडी गटारात सोडून गेला. आणि एक पांढरं-पिवळं मांजर रोज सकाळी सहाला यायचं, मान वर करून माझ्याकडे बघत आपलं काम उरकायचं आणि पायानं व्यवस्थित झाकून जायचं. अख्ख्या कामात लेव्हलिंग नीट करणारं तेवढं एकच. ती घमेली मी वेगळी काढून टाकत होतो. हिशोब तिकडेही जात होता.

तरी साठेक घनफूट उरली असावी. चाळिसाला भरपूर. शुक्रवारी मिस्त्रींनी दोरी बांधली, वाळू पसरायला घेतली आणि दुपारी तीनला, नळाच्या कोपऱ्यापाशी, संपली.

"संपली कशी?"

"साहेब, जमीन उताराची हाय. हितं दोन इंच, नळाकडं पाच. सरासरी साडेतीन धरा."

240 भागिले 12, गुणिले साडेतीन. हे मात्र मी तोंडी केलं, बरोबर केलं. सत्तर. माझं चाळीस बरोबर होतं, फक्त ते सपाट अंगणाचं होतं.

"खरं तर खड्ड्यात आधी मुरूम दाबायला पायजे होता," मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले. "वाळू सगळीकडं सारखीच पायजे. जास्त झाली की ब्लॉक बसत्यात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमचं गणित चाललं होतं. म्हटलं कशाला मोडा."

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि शेपटाएवढी वाळू कुणी विकत नाही. वाळूवाला म्हणाला, ट्रॉली म्हंजे ट्रॉली. डावीकडचे म्हणाले, परत दिली असती हो, पण आता सिमेंटमध्ये गेली. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून ठेवलेली मिळाली. गोणीत सव्वा घनफूट मावते. कमी पडत होती दहा घनफूट, म्हणजे आठ गोण्या. भाव ऐकल्यावर मी दुकानदाराला, "साखरेचा सांगितलात का?" असं विचारलं. एक जादा घेतली, कारण आता माझा गणितावर विश्वास उरला नव्हता. नऊ गोण्या रिक्षातून आणल्या. रिक्षावाल्यानं वाटेत तीनदा खाली उतरून टायर पाहिला.

आठ पुरल्या.

नववी पोर्चमध्ये भिंतीला टेकून उभी आहे, तोंड सुतळीनं बांधलेलं. अंगण झालं, एक तांबडा एक करडा. सकाळी सहाला मांजर येतं, नव्या ब्लॉकवर इकडे तिकडे हुंगतं, मग गोणीसमोर बसतं आणि माझ्याकडे बघतं. मी सोडेन सुतळी कधीतरी, असा त्याचा अंदाज आहे.